गल्लीचं तोंड

तळं आटायला लागलं की सगळ्या गावाचा जीव खाली-वर व्हायचा, आणि कुंभारगल्ली मात्र टोपल्या झाडून तयार राहायची. पाणी मागे सरलं की काठाची चिकण माती उघडी पडायची. काळसर, मऊ, कुदळीचा घाव बसला की दुधावरची साय सुटावी तशी सुटणारी. उन्हाच्या त्या थोड्या दिवसांत वर्षाची माती घरी आणून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायची. मग पुढे पाऊस येवो की वारा सुटो, चाक फिरत राहायचं.

त्या वर्षी गल्ली टोपल्या घेऊन काठावर गेली, तर काठभर खुंट्या ठोकलेल्या. खुंटीखुंटीला लाल चिंधी. वाऱ्याने चिंध्या फडफडत होत्या आणि एक माणूस लांब मोजपट्टी गुंडाळत उभा होता.

मौनीची बायको सगळ्यांच्या पुढे होती. ती नेहमीच पुढे असायची. बाजारात बसून माठ विकता विकता तिचा आवाज असा तयार झाला होता, की तिने हाक मारली की पलीकडच्या रांगेतलं गिऱ्हाईक मान वळवायचं.

"काय लावलंय हे?"

"मोजणी आहे बाई. विटांच्या कारखान्याला हवाय हा काठ."

"आणि आम्ही काय हवा मळायची?"

माणूस हसला. "ते मला काय विचारता? सभा ठेवलीय कचेरीत. मोठ्या बाईसाहेब येणारेत, काठ कुणाला द्यायचा ते त्याच ठरवणार. ज्याला काय बोलायचं त्याने तिथे बोलायचं."

मौनी बायकोच्या मागे उभा होता. 'बोलायचं' हा शब्द कानावर पडला आणि त्याने उगाचच कुदळीचा दांडा दुसऱ्या हातात घेतला.

संध्याकाळी सगळे भट्टीपाशी जमले. भट्टी गल्लीच्या टोकाला, सगळ्यांची मिळून एकच. तिची पाळी घरोघर फिरायची. ज्याच्या घरी पाळी, त्याने सगळ्यांची भांडी रचायची, जाळ लावायचा, जाळ राखायचा. आणि त्या हंगामात गल्लीच्या वतीने चारचौघांत काही बोलायचं असेल, तर तेही त्यानेच बोलायचं. गल्लीचं तोंड म्हणत त्याला. एकाच्या जाळात सगळ्यांची भांडी असतात, मग एकाच्या जिभेवर सगळ्यांचा शब्द असायला काय हरकत, असा जुन्या माणसांचा विचार. एरवी बोलायचं तरी काय असायचं? लाकूडवाल्याने ओलं लाकूड आणलं तर 'परत ने' म्हणायचं. तेवढं मान हलवूनही भागायचं. म्हणून पाळी मौनीच्या घरी आली तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

मौनी हे काही त्याचं नाव नव्हे. पण एकदा बसमध्ये 'थांबवा' म्हणायला त्याचं तोंड उघडेना, म्हणून दोन गावं पुढे जाऊन तो उन्हातून चालत परत आला होता. तेव्हापासून हेच नाव पडलं, आणि आता बायकोलाही दुसरं आठवायला वेळ लागायचा.

"झालं," त्याचा चुलतभाऊ म्हणाला. "तळं गेलं म्हणून समजा." या चुलतभावाला गल्ली वकील म्हणायची. कायद्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण तोंड सुरू झालं की बंद करायला माणूस लागायचा. "मी जातो. उभा राहतो आणि एकेकाची अशी..."

"तू बोलशील याचीच भीती आहे," थोरले काका म्हणाले. गल्लीतलं सगळ्यात म्हातारं माणूस, भट्टीच्या धुराने डोळे कायमचे लाल झालेलं. "मागे रस्त्याच्या सभेत तू साहेबाच्या आईवर गेलास. रस्ता अजून तिथेच पडलाय."

"मग आमच्याकडे द्या," मौनीची बायको म्हणाली. "मी बोलते."

"पाळी तुझ्या नवऱ्याची आहे, सूनबाई."

"भट्टीला लाकडं मी वाहते. राख मी काढते. तोंड तेवढं त्यांचं का?"

बायका हसल्या. पुरुषांनी इकडेतिकडे पाहिलं.

मौनी काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"पाळी... कुणी बदलून घ्या."

ते इतक्या खालच्या आवाजात आलं की शेजारच्याला ते मोठ्याने सांगावं लागलं. काकांनी भट्टीच्या भिंतीवर हात ठेवला. आत भांडी रचून झाली होती. "आता पाळी बदलत नसते, पोरा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन कामं सुरू झाली. एक नेहमीचं, आणि एक बोलण्याचं.

बायकोने वाळत घातलेल्या माठांची रांग त्याच्यासमोर मांडली. "हे समजा लोक. यांच्याशी बोला."

मौनी उभा राहिला. माठ त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"अहो, तुम्हीच केलेली माणसं ही. यांना काय भ्यायचं?"

"नमस्कार," तो म्हणाला. "आम्ही... आम्ही..." जीभ टाळूला चिकटली. शब्द होते. रात्रभर अंथरुणात त्याने एकेक शब्द घासूनपुसून ठेवला होता. पण तोंडाशी येताच ते लहान पोरांसारखे एकमेकांच्या मागे लपायला लागले.

कोपऱ्यात त्याची आई माती तुडवत होती. भिंतीला बांधलेली दोरी धरून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. कान गेले होते तिचे, पाय शाबूत होते. मातीतला एखादा बारीक खडा तळव्याला लागला की ती पायाच्या बोटांनीच उचलून बाजूला टाकायची. तुडवताना ती स्वतःशीच म्हणायची, गेली कित्येक वर्षं तेच,

तुडविते माती बाई, झाली लोण्याच्या सारखी,
पाय माझे गं आंधळे, तरी मातीचे पारखी.

गाणं थांबवून तिने विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"अजून काहीच नाही म्हणाले, आई," सून ओरडून म्हणाली.

"मग मला बरोबर ऐकू येतंय."

मौनीलाही हसू आलं. हसू आलं ते बरंच झालं, पण शब्द काही आले नाहीत. दुपार झाली, माठांवरचं ऊन सरकलं, मागचे दोन माठ सावलीत गेले. शेवटी तो कंटाळून चाकावर जाऊन बसला. पाण्यात हात बुडवला, गोळा चाकावर मारला, अंगठे मध्ये रुतवले. माती वर चढू लागली, तशी बायकोने माठ उचलता उचलता सहज विचारलं, "आपण काठाची माती नेतो त्याने तळ्याचं नुकसान होत नाही का हो? तिकडे जर कुणी असं विचारलं तर काय सांगाल?"

"नुकसान कसलं?" तो मातीकडे बघत म्हणाला. "आपण वरची साय नेतो. कुदळीच्या पात्याखाली कधी कोण गेलंय? पुढच्या पावसात तळं स्वतःच गाळ आणून टाकतं, खड्डा भरून काढतं. माझ्या बापाने जिथे खणलं तिथेच मी खणतोय. त्याच्या बापाने तिथेच खणलं. यंत्र उतरलं की ते थांबणारेय का सायीपाशी? बूड काढून नेईल. बूड गेल्यावर तळं म्हणायचं कशाला त्याला?"

बायको माठ हातात धरून तशीच उभी राहिली. एवढं सलग बोलताना तिने लग्नानंतर त्याला पहिल्यांदाच ऐकलं होतं. चाक थांबलं, तसा तोही थांबला, आणि ती बघते आहे हे कळल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

मग रोज तेच. चाकावर बसला की बोलायचा, उठला की मुका. भाषण चाकावरच तयार झालं. कुंडीच्या काठाबरोबर एक वाक्य, माठाच्या गळ्याबरोबर दुसरं. बायको समोर बसून थापीने कच्चे माठ थापटत ऐकायची, मध्येच थापी थांबवून "हे पुन्हा म्हणा" म्हणायची. आईला ऐकू येत नव्हतं, पण लेकाचे ओठ हलताना बघून तीही मान डोलवायची.

सभेच्या आधी गल्लीने म्हटलं, एकदा आमच्यासमोर बोलून दाखव. त्यांचं चुकलं नव्हतं, त्यांची माती पणाला लागली होती. भट्टीसमोर सगळे बसले. भट्टीची धग अजून उतरली नव्हती, मागून पाठ भाजत होती आणि पुढून गल्लीचे डोळे. मौनी उभा राहिला. हात कुठे ठेवावे कळेना. पुढे बांधले, मग मागे, मग एक हात उगाच डोक्यावर गेला. गुडघ्यातून एक बारीक थरथर सुरू झाली आणि ती धोतरावर दिसायला लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"देवा, बस थांबवा!" वकील ओरडला.

सगळे हसले. रागाने नव्हे, भीतीने माणूस हसतो तसे. मौनी भट्टीच्या मागे गेला आणि ओकला.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाठीवरून हात फिरवला नाही, समजूत घातली नाही. तो चूळ भरेपर्यंत थांबली.

"चाक काही कचेरीत नेता येणार नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"पण गोळा नेता येईल."

सभेच्या सकाळी तिने स्वतः माती मळली. चांगली मळली, चाकावर टाकायची असती तशी. मुठीत मावेल एवढा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातला. खिसा ओला झाला आणि ओल छातीपर्यंत पोचली. वाटेत तो सारखा वरून हात लावून बघत होता.

सभेची जागा कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. दारातल्या शिपायाने गल्लीला अडवलं. "चपला बाहेर. फरशी पुसलीय."

आत बूट घातलेल्या माणसांची रांगच्या रांग बसली होती. "बाबा रे," वकील म्हणाला, "आमच्या चपला आमच्या पायांपेक्षा स्वच्छ आहेत." पण काकांनी चप्पल काढली, मग सगळ्यांनी काढल्या, आणि गार फरशीवर भेगाळलेल्या पायांचे ठसे उमटवत सगळे मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. पुढच्या खुर्च्यांना पांढरी कापडं घातली होती. तिथे बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि बसू नका असंही नाही.

टेबलामागे बाईसाहेब होत्या. चेहरा मायेचा, केस पिकलेले, समोर पाण्याचा पेला. शेजारी कारखान्याचा मॅनेजर उभा राहून बोलत होता. भिंतीवर चित्रं उमटत होती. यंत्रं, भट्ट्या, लाल विटांचे ढीग, हसणारे कामगार. त्याचा आवाज कुठे अडत नव्हता, कुठे खरखरत नव्हता, तुपातून सुरी जावी तसा चालला होता. मौनीला तो ऐकू येत होता आणि कळत काही नव्हतं. कानात चाकासारखं काहीतरी गरगरत होतं. अचानक त्याला लघवीला लागली.

"कुंभारांच्या वतीने कोण बोलणार?"

कुणीतरी पाठीवर हात ठेवला. काकांचा असावा. तो चालायला लागला. भिंतीपासून टेबलापर्यंतची वाट रोजच्या तळ्याच्या वाटेपेक्षा लांब झाली. माईकसमोर उभा राहिला तेव्हा माईक किंचाळला. पुढच्या रांगेतला कुणीतरी दचकला, कुणीतरी हसलं.

"नमस्कार," मौनी म्हणाला. आपलाच आवाज चारी भिंतींवरून परत आलेला ऐकून त्याची बोबडी वळली. "आम्ही... आम्ही..."

"बोला, बोला दादा. घाबरू नका," बाईसाहेब माईकमध्ये म्हणाल्या. गोडच म्हणाल्या, पण तो घाबरलाय हे ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही आता कळलं.

गुडघे सुरू झाले. त्याने खाली पाहिलं. फरशीवर त्याच्या घामेजल्या पावलांचे ठसे होते, एक सरळ, एक वाकडा.

"अहो, हात चालवा!"

बाजारातला आवाज. मागच्या भिंतीपासून निघून पुढच्या भिंतीवर आदळला. सगळी सभा मागे वळून हसली. मौनीचा हात खिशात गेला. फडकं सुटलं. गोळा तळहातावर बसला, गार, जड, ओळखीचा, आणि अंगठा आपोआप त्याच्या मध्यात रुतला.

"आम्ही तळ्याकाठचे कुंभार," तो म्हणाला.

मग वाट मोकळी झाली. डोळे मातीवर, पण न बघता, आणि शब्द मातीतूनच वर चढायला लागले. तळं भरलं की तुम्ही पाणी नेता, आटलं की आम्ही माती नेतो, त्यात आजवर भांडण झालं नाही, म्हणाला. आम्ही साय नेतो, यंत्र बूड नेईल. बूड गेलं की पाणी राहायचं नाही, मग तुमच्या नळालाही यायचं नाही. आमच्या गल्लीला शेत नाही, दुकान नाही, दुसरं काही येत नाही. हा काठ काढून घेतलात तर आमचे हात कापून नेल्यासारखंच आहे, मग आम्हाला जेवायला वाढलंत तरी खायचं कशाने? माझी आई कानाने बहिरी आहे, पण मातीतला खडा तिच्या पायाला कळतो. तुम्ही तर बघणारी, ऐकणारी माणसं. आमचं एवढं ऐका.

शेवटचं वाक्य संपलं तेव्हा पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एवढी शांतता त्याने कधी मिळवली नव्हती. बोललो. सगळं बोललो, एक शब्द राहिला नाही. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याने चारचौघांसमोर मान वर केली.

सगळे डोळे त्याच्यावरच होते. पण त्याच्या तोंडावर नव्हते. जरा खाली होते.

त्यानेही खाली पाहिलं. तळहातावर एक इवलंसं मडकं उभं होतं. पोट गोल, गळा बारीक, काठ बाहेर वळलेला. चाक नसताना केलेलं, तरी कुठे वाकडं नाही. हात आपलं काम करून मोकळे झाले होते.

टाळ्या पडल्या. कापडाच्या खुर्च्यांमधली माणसं उठून पुढे आली, फोन वर झाले. बाईसाहेब टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी ते मडकं दोन्ही हातांनी असं उचललं, जसं चिमणीचं पिल्लू उचलावं.

"बोलता बोलता! चाकाशिवाय! अहो, ही कला मरता कामा नये." त्यांचे डोळे खरंच भरले होते. "मी हे घेऊन जाऊ?"

मौनीने मान हलवली. मग म्हणाला, "बाई, ते काठाचं..."

"हो, हो. सगळं ऐकलं मी. फार छान बोललात."

मॅनेजरने त्याचा चिखलाचा हात हातात घेतला आणि फोटोसाठी तसाच धरून ठेवला. नंतर रुमालाने आपला हात पुसला.

परत येताना मौनीचे पाय जमिनीला लागत नव्हते. सबंध वाट तोच बोलत होता. "सगळे कसे गप्प झाले बघितलंस? पंखा ऐकू येत होता. आणि मी विसरलो नाही गं काही. नळाचं बोललो, हातांचं बोललो. आईचं तर ठरलंही नव्हतं, आपोआप आलं." घरी येऊन त्याने आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "आई, मी बोललो!" म्हातारीने त्याच्या गालावर चिखलाची बोटं ओढली.

बायको चुलीपाशी बसली होती, त्याच्याकडे न बघता.

"मागे ऐकू गेलं ना?"

"गेलं."

"मग?"

"मी लोकांची तोंडं बघत होते," ती म्हणाली. "बाजारात बसते मी. माणूस कशाकडे बघतोय ते मला कळतं."

तिला काय म्हणायचंय ते त्याला समजलं नाही, किंवा समजून घ्यावंसं वाटलं नाही. तेवढ्यात वकील दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"भाषण करायला गेला होतास की खेळ दाखवायला?"

"मी सगळं बोललो. तू ऐकलंस."

"मी ऐकलं. काकांनी ऐकलं. आमचंच आम्ही ऐकलं. त्या बाईने काय नेलं घरी? तुझा शब्द नेला का? मडकं नेलं!" त्याचा आवाज चिरकला. "मी आई-बहिणीवरून शिव्या दिल्या असत्या. बाहेर काढलं असतं मला. पण ऐकल्या तरी असत्या."

"गोळा मी दिला होता," बायको आतून म्हणाली. "बोलायचं तर मला बोला."

वकील गेला. चुलीवरचं पाणी उकळून कडेने सांडत होतं, कुणी उतरवलं नाही.

निकाल पहिल्या ढगांच्या आधीच आला. काठ कारखान्याला. खुंट्या निघाल्या आणि त्यांच्या जागी तार आली. गल्लीतल्या धडधाकट माणसांना माती भरायचं काम मिळेल, असं सांगितलं गेलं. आणि बाईसाहेबांनी मुद्दाम लक्ष घालून एक अट घातली होती. कारखान्याच्या दारात एका कुंभाराला पत्र्याची सावली, चाक आणि बांधलेला पगार. येणाऱ्या-जाणाऱ्याला ही कला बघायला मिळावी म्हणून. कोण कुंभार, तेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

भट्टीत मागच्या मातीची शेवटची भांडी भाजून झाली. मौनीने ती एकेक करून बाहेर काढली, ज्याची त्याला दिली. नेताना कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. काका शेवटी आले. त्यांनी आपला रांजण बोटाने वाजवून पाहिला, खणखणीत वाजला.

"जाळ चांगला राखलास," ते म्हणाले. "पुढची पाळी कुणाची ते आता ठरवायला नको."

मौनी चार दिवस घराबाहेर पडला नाही. कोपऱ्यात दोरी तशीच लटकत होती. आई सवयीने सकाळी तिथे जाऊन उभी राहायची, खाली माती नाही हे पाहून परत यायची. रिकामं गोणपाट वाळून कडक झालं, तेव्हा बायको म्हणाली, "जा."

"तिथे? वकील टोपल्या उचलणार आणि मी सावलीत बसणार?"

"तुम्ही नाही गेलात तर ते दुसऱ्याला बसवतील. आणि तोही आपल्याच गल्लीतला असेल. मग आपण त्याच्याकडे बघून थुंकायचं का?" तिने नाक पुसलं. "माझ्यामुळे लाज वाटते म्हणून जात नसाल तर सांगा. गोळा मीच दिला होता."

तो गेला.

चाक चांगलं होतं, विजेवर चालणारं, पायाला काम नाही. माती पोत्यातून यायची, मळलेली, चाळलेली, एक खडा नाही. त्याच्या पाठीमागे दिवसभर यंत्राचा हात तळ्यात खाली जायचा आणि वर यायचा. ट्रॅक्टर त्याच्यासमोरून जायचे. वर माती, मातीवर गल्लीतली माणसं, डोक्याला फडकं बांधून, तोंडं वळवून. पहिले काही दिवस तो मान वर करत नव्हता. मग पाहुणे काही ना काही विचारायला लागले. हे कसं करता? किती वर्षं करता? हाताला लागत नाही का? हात चालू असायचे, तोंड आपोआप उत्तर द्यायचं. हळूहळू हात थांबले तरी तोंड चालायला लागलं. पाहुणे हसावेत अशी दोन-तीन वाक्यंही त्याला सापडली. घरी मात्र तो पहिल्यासारखाच गप्प झाला, आणि आता त्यावरून कुणी थट्टा करत नव्हतं.

एके दिवशी बाईसाहेब बाहेरगावचे पाहुणे घेऊन आल्या. दारात मांडव, खुर्च्या, माईक. मॅनेजर म्हणाला, "हात धुऊन घ्या. साहेब लोकांशी हात मिळवायचाय. आणि दोन शब्द बोला. तुम्हाला आता येतं."

मौनीने हात धुतले. नखांतलीही माती काढली. माईकसमोर जाऊन उभा राहिला, रिकामे हात खाली सोडून, आणि भीतीची वाट बघू लागला. गुडघ्यात पाहिलं, जिभेवर पाहिलं, कानाच्या पाळ्यांत पाहिलं. ती कुठेच नव्हती. घरातलं जुनं माणूस न सांगता निघून जावं तशी ती निघून गेली होती, आणि त्याला कळलंही नव्हतं. एकदा थरथरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ज्या दिवशी काही जाणार होतं त्या दिवशी गुडघे थरथरले होते. आता जायला काय होतं?

रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला होता. मातीच्या ढिगावर वकील बसला होता, फावडं मांडीवर घेऊन, थेट त्याच्याकडे बघत.

"हे तळं आमचं होतं," मौनी म्हणाला. आवाज मोठा, स्वच्छ, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. "तुम्ही ते खणून नेलंत. मी तेव्हाच सांगत होतो. सगळं सांगितलं होतं. तुम्ही माझे हात बघत बसलात. आता माझे हात रिकामे आहेत. आता तरी ऐका. आमच्या गल्लीतली भट्टी विझली. माझी आई रोज उठून मातीच्या जागी उभी राहते आणि परत येते. एवढंच सांगायचं होतं."

बाईसाहेबांनी डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या आणि शेजारच्या पाहुण्याकडे वळून म्हणाल्या, "किती मनापासून बोलतात ना हे लोक!" त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या. चांगल्या जोरात, बराच वेळ.

वकिलाने टाळी वाजवली नाही. त्याने फावड्याच्या दांड्याने ट्रॅक्टरच्या पत्र्यावर ठोकलं, आणि ट्रॅक्टर निघाला.

मॅनेजरने माईक स्वतःकडे घेतला. "धन्यवाद, धन्यवाद. आता पाहुण्यांना जरा चाक चालवून दाखवा."

खुर्च्या सरकल्या. माणसं जवळ आली, पुढची खाली वाकली, मागची टाचा उचलून उभी राहिली. मौनी खाली बसला, त्याने गोळा चाकावर मारला, आणि सगळे एकदम गप्प होऊन बघू लागले.